पत्रिकेत छापलेला ग्रंथ

पत्रिका छापून आल्या, गोरेगावात घरोघर वाटून झाल्या, सेनगावच्या आणि हिंगोलीच्या पाहुण्यांना जीपवाल्यांच्या हाती पोचल्या, आणि त्यानंतर संतराम सरांना प्रश्न पडला, की आपण नेमकं कोणतं पुस्तक लिहिलं आहे.

पत्रिकेवर सोनेरी अक्षरांत होतं, ‘सेवापूर्ती सोहळा व ग्रंथ प्रकाशन, दि. ३१ मे’. ग्रंथाचं नाव नव्हतं. छापखानेवाल्यानं दोनदा विचारलं, तेव्हा सरांनी दोन्ही वेळा गंभीर चेहरा करून ‘ते गुपित आहे’ असं सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. ते गुपित खुद्द सरांनाही माहीत नव्हतं.

न लिहिलेल्या पुस्तकाचं प्रकाशन कुणी शहाणा माणूस ठरवील का, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्यानं आधी एकतीस मे ही काय चीज आहे ते समजून घ्यावं. सरांच्या पिढीत लेकरू कधी जन्मलं हे आईला सुगीच्या, पुराच्या नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या खुणेनं ठाऊक असे. शाळेच्या रजिस्टराला तसली खूण चालत नसे. मग गुरुजी पोराकडे एकदा वरून खाली बघत, अंदाजानं वर्ष ठरवत आणि पुढे बिनधास्त एक जून लिहून टाकत. त्यामुळे जिल्ह्यातली निम्मी मास्तरमंडळी कागदावर एकाच दिवशी जन्मली. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशी सेवेतून मोकळा होतो असा सरकारी नियम, म्हणून एकतीस मेला ही सगळी मंडळी एकदमच रिटायर होतात. त्या दिवशी हार मिळत नाहीत, आचारी मिळत नाही, आणि फेटे बांधणारा एका गावातून दुसऱ्या गावात मोटारसायकलवर पळत असतो.

त्यात गावात सरांना परवडेल असं मंगल कार्यालय एकच. त्यावर हक्क सांगायला संतराम सर आणि गणिताचे नरसिंग सर एकाच सकाळी पोचले. मॅनेजर गोंधळला. दोघंही तेवढेच सिनियर, दोघांची जन्मतारीख एक, दोघांनीही त्याच्या पोराला शिकवलेलं आणि दोघांच्याही विषयात पोरगं नापास झालेलं. निवाडा होईना. तेव्हा संतराम सरांच्या तोंडून निघून गेलं, "माझं नुसतं जेवणाचं काम नाही. माझ्या ग्रंथाचं प्रकाशन आहे." ग्रंथ म्हटल्यावर मॅनेजर खुर्चीतून उठून उभाच राहिला आणि हॉल सरांना मिळाला. नरसिंग सरांच्या वाट्याला शाळेमागचं पत्र्याचं शेड आलं. जाता जाता ते एवढंच म्हणाले, "बघू ना ग्रंथ. आमचं सकाळी आटपंल. दुपारी तुमच्याकडं येतो बघायला."

त्या ‘बघू ना’नं सरांचं जेवण तुटलं. बत्तीस वर्षं मराठी शिकवून, दर कविसंमेलनात ‘ज्येष्ठ समीक्षक’ म्हणून पहिल्या रांगेत बसून, शेवटी नरसिंग सरांसमोर रिकाम्या हातानं उभं राहायचं ही कल्पनाच त्यांना सोसवेना. बरं, लिहिता येत नव्हतं अशातला भाग नाही. उलट लिहिण्यासारखी पुस्तकं एकाऐवजी दोन होती. एक आत्मचरित्र आणि दुसरा समीक्षेचा ग्रंथ. सकाळच्या चहाला सर समीक्षक असत, दुपारी ऊन चढलं की आत्मचरित्रकार होत, आणि संध्याकाळी दोन्ही नकोसं होऊन अंगणात येरझाऱ्या घालत.

"काहून फिरून राहिले असे?" त्यांच्या पत्नी सुमनबाई विचारत. "एकदा काय ते ठरवून टाका. ताट वाढलंय, तुमच्या ग्रंथापायी भाकर वाळून चालली."

सुमनबाईंना वाङ्मयातलं काही कळत नाही असं सरांचं मत होतं. सरांना वाङ्मयापलीकडचं काही कळत नाही असं सुमनबाईंचं मत होतं, आणि एवढ्या मतभेदावर संसार चांगला चालला होता.

शेवटी सरांनी आत्मचरित्राच्या बाजूनं कौल दिला. कोरी वही आणली, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिलं आणि चूक अशी केली, की ही बातमी शेजारच्या शिवशंकरला सांगितली.

शिवशंकरचं खत-बियाण्याचं दुकान होतं. शिवाय तो कवी होता. त्याच्या घराची आणि सरांच्या घराची भिंत एक, आणि त्याच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात सरांच्या टाकीत येई. सोहळ्याच्या समितीचा अध्यक्षही तोच, कारण स्वतःच्या काव्यवाचनासाठी घेतलेला लाऊडस्पीकरचा संच त्याच्याकडे होता. त्याला कळलं म्हणजे दुपारपर्यंत गल्लीला कळलं.

पहिल्यांदा समोरच्या मालनबाई आल्या. "सर, आमच्या मालकाचं नाव आलं पायजे बरं का. तुमाला साप चावला तवा त्यायनंच गाडीवर दवाखान्यात नेलं."

"मालनबाई, तो साप नव्हता. उंदीर होता. डॉक्टर म्हणाले ना."

"आता उंदीर लिहिल्यावर आमच्या मालकाचं काय ऱ्हायलं त्यात?" मालनबाई दुखावल्या. "साप लिवा. कोन बघायला येतंय."

मग एक जण आला, त्याला पुस्तकात यायचं होतं. दुसरा आला, त्याला यायचं नव्हतं. तिसऱ्याला स्वतःला यायचं नव्हतं, पण त्याच्या चुलत्याची एक गोष्ट यायलाच पाहिजे होती, आणि ती सर ऐकताना एवढे घाबरले, की त्यांनी उठून दार लावून घेतलं. शिवशंकर म्हणाला, "मला घ्या, पन कवी म्हनून घ्या. दुकानाचं काई नका लिहू. त्या वर्सीचं ते न उगवलेलं बियानं तर बिलकुल नका." सुमनबाईंनी वाढता वाढता विचारलं, "आपल्या लग्नात माझा भाऊ रुसून विहिरीवर जाऊन बसला होता, ते लिहिणार का तुमी?" सर म्हणाले, तो तर सगळ्यात सुरस प्रसंग. सुमनबाईंनी वरणाचं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं, आणि तो प्रसंग गेला.

आठवडाभरात आत्मचरित्रातून एवढं काही गेलं, की मागं जन्म, शिक्षण, नोकरी आणि निवृत्ती एवढंच उरलं. हे तर सेवापुस्तकात आधीच लिहिलेलं होतं.

तरी सर नेटानं बसले. त्यांनी पहिली तीन वाक्यं लिहिली. ‘माझा जन्म १ जून १९६७ रोजी शिरड शहापूर येथे झाला. बालपणापासूनच मला अक्षरांची विलक्षण ओढ होती. नाव नोंदवताच मी धावत शाळेत गेलो.’ वाचून बघितलं. भाषा निर्दोष होती. पण पहिल्या वाक्यापाशी त्यांना खडा लागल्यासारखं झालं. सर स्वतः शिकत होते त्या वर्गातल्या तेवीस पोरांपैकी एकोणीस जण एक जूनचे. आत्मचरित्र म्हणजे सत्याचा शोध, असं त्यांनी बत्तीस वर्षं बारावीला सांगितलं होतं. त्या शोधाची सुरुवात गुरुजींच्या अंदाजानं कशी करायची?

शाळेत गेल्यावर त्यांनी ही शंका धम्मदीपजवळ काढली. धम्मदीप शाळेचा लिपिक. हुशार, सावध आणि सगळ्यांची पेन्शनची प्रकरणं तोंडपाठ. त्यानं टायपिंग थांबवलं आणि आधी ऑफिसचं दार लोटून घेतलं.

"सर, पुस्तकात दुसरी तारीख टाकणार का?"

"खरी सापडली तर टाकेन की. आत्मचरित्र आहे, धम्मदीप."

"मग नका लिहू, सर. तुमचा प्रस्ताव हिंगोलीला गेलाय. तिथं आक्षेप निघाला म्हणजे फाईल कुठं जाऊन बसंल, देवालाही सापडणार नाही. मागं एका सरांनी निरोपाच्या भाषणात म्हटलं, मी खरा तर दिवाळीचा. कुणी तरी व्हिडिओ काढला. दोन वर्षं ते दिवाळीचा पुरावा गोळा करून राहिले होते." धम्मदीपनं आवाज आणखी खाली आणला. "सर, मी लहान तोंडी सांगतो. तुम्ही समीक्षा लिहा. समीक्षेत जन्मतारीख लागत नाही."

समीक्षेची इतकी व्यवहारी बाजू सरांना कुणी दाखवली नव्हती. ते घरी परतले ते समीक्षक होऊनच. विषयही तयार होता. जिल्ह्यातल्या कवींना त्यांनी आजवर चौदा प्रस्तावना दिल्या होत्या, आणि प्रत्येक प्रस्तावनेत जे लिहिता आलं नव्हतं ते एका पिवळ्या वहीत टिपून ठेवलं होतं. ती वही काढली आणि सरांचा हात असा धावू लागला, की सुमनबाई दोनदा पंखा चालू आहे का ते बघून गेल्या. शिवशंकरचा एकुलता एक संग्रह होता, ‘ढेकळांचे निःश्वास’. त्यावर सरांनी लिहिलं, ‘या संग्रहात ढेकूळ चाळीस वेळा येते, परंतु एकदाही फुटत नाही.’ हे वाक्य त्यांनी स्वतःशी तीन वेळा मोठ्यानं म्हटलं. आयुष्यात एवढं खरं वाक्य आपण लिहिलं नाही, असं त्यांना वाटलं.

प्रकरण टाईप करायला धम्मदीपकडे दिलं. त्यानं ते दोन दिवसांत केलं, आणि सरांना दाखवावं म्हणून मोबाईलवरून पाठवलं. पाठवलं ते ‘सेवापूर्ती सोहळा समिती’ या ग्रुपवर. तिथं सर होतेच, पण समितीचे अध्यक्षही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दात घासत असताना भिंतीपलीकडून आवाज आला. "सर, एकदा पुन्ना मोजा. अडतीसच हायेत."

"काय अडतीस?"

"ढेकळं. मी सारी रात मोजली." शिवशंकरचं फक्त डोकं दिसत होतं, आणि ते फार दुःखी होतं. "प्रस्तावनेत तुमी काय लिवलं व्हतं? ‘मातीशी इमान राखनारी कविता.’ ते पान मी काचेत लावलंय दुकानात. गिऱ्हाईक वाचतेत. आता त्यायला काय सांगू? इमान बराबर हाय पन ढेकूळ फुटत न्हाई?"

"शिवशंकर, समीक्षेत व्यक्तिगत काही नसतं."

"तुमचं नसंल. माझी कविता तर व्यक्तिगतच हाय."

शिवशंकरनं समितीचा राजीनामा तिथंच भिंतीवरून दिला. "माइकचा शबूद दिलाय, तो पाळतो. पन बोलनार न्हाई." पाणी मात्र त्यानं बंद केलं नाही. रोज सकाळी पाईप भिंतीवरून टाकायचा आणि म्हणायचा, "वहिनी, पानी घ्या. ढेकळाला बी पानी लागतंय म्हनावं." सुमनबाई टाकी भरून घेत आणि सरांकडे अशा बघत, की सरांना आंघोळ करताना लाज वाटे.

बाकीचे तेरा कवी आपापल्या प्रस्तावना घेऊन फोन करू लागले. एक जण तर थेट जवळा बाजारहून येऊन पडवीत बसला, आणि त्याच्याबद्दल काही लिहिलेलंच नाही हे कळल्यावर जास्तच चिडला. सरांनी समीक्षा सोडली.

आता पुन्हा आत्मचरित्र. पण फ्लेक्स लागला होता आणि त्यावर ‘ज्येष्ठ समीक्षक’ होतं. सरांनी फोन केला, फ्लेक्सवाल्यानं ‘समीक्षक’ पांढऱ्या रंगानं पुसून त्यावर ‘आत्मचरित्रकार’ अशी पट्टी डकवली. दोन दिवसांनी वाऱ्यानं अर्धी पट्टी फाटून गेली आणि बसस्टँडवर सरांच्या हसऱ्या फोटोखाली ‘ज्येष्ठ आत्म’ एवढंच राहिलं. ते वाचून नरसिंग सरांनी भर चौकात हात जोडले. "नमस्कार, ज्येष्ठ आत्म! ग्रंथ कुठवर आला?"

"शेवटचा हात फिरवतोय," सर म्हणाले. पहिला हात अजून फिरायचा होता, आणि सोहळ्याला नऊ दिवस उरले होते.

त्या दिवसांत सरांची स्थिती कुणाला बघवत नव्हती. जेवताना उठायचे, उठल्यावर कशाला उठलो ते विसरायचे. पिवळी वही उघडायची आणि मिटायची, कोरी वही उघडायची आणि तीच तीन वाक्यं वाचायची. शेवटी सुमनबाईंनीच त्यांच्या हातात पिशवी दिली. "शिरडला जाऊन या. जन्माचं कोडं तुमच्या दादांशिवाय कोन सोडवणार? आई तर न्हाई आता. आन त्यायला पत्रिका बी देऊन या. सगळ्या गावाला वाटली, सख्ख्या भावाचीच ऱ्हायली."

पत्रिका राहिली होती खरी. सर ओशाळले. जीपनं सेनगाव, तिथून हिंगोली, मग औंढ्याकडची गाडी करत ते शिरड शहापूरला पोचले, तेव्हा दुपार उतरत आली होती. त्यांचे थोरले भाऊ वसराम बांधावरच्या लिंबाखाली वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, घासत बसले होते. शिकलेले नव्हते. आईबापामागं सगळी शेती त्यांनीच केली, आणि सरांच्या डी.एड.पासून एम.ए.पर्यंत प्रत्येक प्रवेशाला तेच सोबत येऊन कॉलेजच्या फाटकाबाहेर बसून राहिले.

"ये मास्तर," ते म्हणाले. "वाळून गेलास की रं. काई तकलीफ हाय का?"

सरांनी पत्रिका दिली. वसरामनी ती उलटीसुलटी करून सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बंडीच्या खिशात ठेवली. मग सरांनी ग्रंथाची सगळी रामकहाणी सांगितली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "लिवलंय तेवढं वाच बरं."

सरांनी घसा साफ केला आणि तीन वाक्यं वाचली. वसराम पास घासायचे थांबले.

"झालं?"

"सध्या एवढंच आहे."

"तीन गोष्टी लिवल्या आन तिन्ही खोट्या."

बत्तीस वर्षांत सरांच्या लेखनावर इतकी थोडक्यात समीक्षा कुणी केली नव्हती. ते काही बोलायच्या आत वसराम पुढं म्हणाले, "धावत कुठला जातो? आयनं तुला काखंत मारून नेला. रस्ताभर बोंबलत व्हता. आन आक्षरांची कसली वढ? चार वर्साचं व्हतं लेकरू. चड्डी घालायची बी वढ नव्हती तुला."

"चार? दादा, शाळेत सहा लिहिलंय."

"ते माझं हाय." वसरामनी पास खाली ठेवली. "गुर्जी आदल्या दिशी आले, रजिस्टर घिऊन. मला दारात उभा केला. नाव इचारलं, आयनं सांगितलं, संतराम. माझ्याकडं बघून सहा वर्सं लिवलं. मला वाटलं, देवी टोचायलाच आला ह्यो मानूस. तवा टोचनारे बी असंच नाव लिवून घ्यायचे आन दुसऱ्या दिशी टोचायचे. सकाळी मी कडब्याच्या गंजीत जाऊन बसलो. आय हाका मारून दमली. गुर्जी दारात उभे. इभ्रतीचा सवाल झाला. मग तिनं तुलाच उचलला. शाळेत गुर्जीनं पुकारलं, संतराम. आय म्हनली, व्हय, ह्योच."

सर लिंबाच्या मुळीवर बसले.

"मग माझं नाव?"

"वसराम. आत्याबाईनं ठेवलं व्हतं. घरात तर थोरल्या आन धाकल्या म्हनायचे, नावं कुनाला लागत व्हती? तू संतराम झाला, मग मला बी उरलेलं घ्यावं लागलं."

"आणि तू कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी इचारलं न्हाई." वसराम हसले, मग हसू आवरून म्हणाले, "आन सांगून काय करायचं व्हतं? तुला शाळा लागली व्हती. नाव माघारी घेतलं असतं तर तुला बी घरी बसवला असता."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण ज्या नावानं बत्तीस वर्षं हजेरीवर सही केली, ज्या वयावर नोकरी लागली, ते दोन्ही या माणसानं कडब्याच्या गंजीत बसल्या बसल्या आपल्याला देऊन टाकलं, आणि आपण सगळ्या गावाला वाटून उरलेली पत्रिका त्याला आणून दिली. त्यांना फार लाज वाटली. खरी तारीख विचारायला आलो होतो हेही ते विसरून गेले. परतीच्या गाडीत आठवलं, तेव्हा औंढा मागं पडलं होतं.

एकतीस मे उजाडला. ग्रंथ नव्हता. धम्मदीपनं मार्ग काढला होता. शाळेतलं एक कोरं हजेरीपुस्तक घेऊन त्यावर मुखपृष्ठ चिकटवलं, वरून चमकी कागद आणि लाल फीत. "प्रकाशनात पुस्तक उघडून कोण बघतंय, सर? फीत सोडायची, छातीशी धरायचं, फोटो काढायचा. लिहायला पुढं जन्म पडलाय." मुखपृष्ठावर काय छापायचं यावर सरांनी तीनदा मत बदललं होतं, म्हणून त्यानं नुसतं ‘ग्रंथ’ असं छापून घेतलं होतं.

दुपारी हॉल भरला. पहिल्या रांगेत नरसिंग सर, सकाळच्या सोहळ्याचा फेटा डोक्यावर ठेवूनच आलेले. त्यांच्या शेजारी वसराम, नवं धोतर नेसून. कोपऱ्यात माइकच्या यंत्रापाशी शिवशंकर, तोंड फिरवून बसलेला. भाषणं झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी फीत सोडली, पुस्तक छातीशी धरलं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात नरसिंग सर उठले. "आमाला बी बघू द्या की ग्रंथ!" आणि स्टेजवर जाऊन त्यांनी तो उघडला. पान उलटलं. आणखी एक उलटलं. त्यांचा चेहरा उजळत गेला. ते माइककडं वळणार, एवढ्यात संतराम सरांनीच माइक हातात घेतला.

"नरसिंग सर, कोरा आहे. मीच सांगतो," सर म्हणाले. "दोन महिने मला ठरवता आलं नाही, आत्मचरित्र लिहावं की समीक्षा. आत्मचरित्राची तीन वाक्यं लिहिली. एका समीक्षकानं ती खोटी ठरवली. तो समीक्षक इथं बसलेला आहे. आज तुम्ही ज्याचा सत्कार करताय, ते नाव माझं नाही आणि ते वयही माझं..."

ऑफिसच्या रांगेत धम्मदीपनं डोक्याला हात लावला. "मोबाईल खाली ठेवा हो! व्हिडिओ बंद करा!" तो हात जोडून सगळ्यांपुढं नाचू लागला. आणि तेवढ्यात माइक गेला. सर बोलतच राहिले, पण पंख्यांच्या घरघरीत ते फक्त पहिल्या रांगेला ऐकू आलं. मागच्या लोकांना वाटलं, निरोपाचं दुःख अनावर झालं. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

कोपऱ्यात शिवशंकरच्या हातात वायर होती. सरांनी बघितलं तसं तो पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलला. "पेन्शन वाचवली तुमची. आता ढेकळाचं तेवढं बघा."

"अडतीस लिहीन," सर म्हणाले.

"आन फुटायचं?"

"शेवटच्या कवितेत एक जरा भेगाळलंय. तसं लिहीन." शिवशंकरला एवढं पुरलं. त्यानं वायर जोडली आणि सनई लावली.

सर शाल आणि नारळ घेऊन स्टेजवरून खाली उतरले आणि सरळ वसरामपाशी गेले. शाल त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि पाया पडले. नरसिंग सरांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कोरा ग्रंथ सरांच्या हातात परत दिला आणि डोक्यावरचा फेटा काढून वसरामना घातला. गणिताच्या माणसाला एवढं सुचेल असं संतराम सरांना कधी वाटलं नव्हतं.

वसराम फेट्यात अवघडून बसले होते. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते, हिशेब लागत नव्हता.

"मास्तर, म्हंजे कागदानं रिटायर आज मी झालो."

"व्हय, दादा."

"आन तू माझ्याहून दोन वर्सांनी ल्हान. म्हंजे तुझी नोकरी आजून दोन वर्सं ऱ्हायली."

"खरं पाहता, व्हय."

"मंग ती दोन वर्सं बाहेर कुठं नको भरू. सोमवारी शिरडला ये. वखर तयार हाय."

सरांना वाटलं, थट्टा आहे. सुमनबाईंना तसं वाटलं नाही. त्यांनी रविवारीच पिशवी भरून ठेवली.

सोमवारी, म्हणजे जूनच्या दोन तारखेला, कागदावर अठ्ठावन्न पुरे केलेले आणि खरं तर छप्पन्नही कधी पुरे झाले ते ठाऊक नसलेले संतराम सर वखर धरून रानात उभे होते. बांधावर लिंबाखाली रिटायर झालेले वसराम शालीची घडी उशाशी घेऊन आडवे पडले होते. जवळ हजेरीपुस्तकाचा ग्रंथ होता. त्याच्या पहिल्या पानावर सरांनी सकाळीच एक वाक्य लिहून त्यांना वाचून दाखवलं होतं, ‘माझ्या थोरल्या भावाला देवी टोचायची भीती वाटली, म्हणून मी मास्तर झालो.’ वसरामनी ते दोनदा म्हणायला लावलं आणि ‘हां, हे बराबर हाय’ असं सांगितलं.

बैल चालले. सरांनी पहिली फेरी काढली आणि वळून कौतुकानं मागं बघितलं.

"वाकडी गेली," बांधावरून आवाज आला. "पुन्ना घे."

सर क्षणभर दुखावले. मग त्यांनी बैल वळवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.